प्रोसेसरचे झाकण आणि अर्धा राहिलेला प्रयोग

संगणकाचा प्रोसेसर हातात घेतला की वरून दिसतो तो धातूचा एक चकचकीत चौरस. पुष्कळांना तोच प्रोसेसर वाटतो. प्रत्यक्षात तो निकेलचा मुलामा दिलेला तांब्याचा जाड पत्रा असतो आणि सिलिकॉनची खरी चिप त्याच्या पोटाशी दडलेली असते. या पत्र्याचे तांत्रिक नाव उष्णता-प्रसारक असे करता येईल, पण संगणकाची हौस असणारे सगळे त्याला सरळ झाकण म्हणतात. आम्हीही तोच शब्द वापरू.

हे झाकण काढायचे, आतली पेस्ट पुसून दुसरी लावायची आणि झाकण पुन्हा बसवायचे, असा एक उद्योग २०१२ पासून जगभरच्या हौशी मंडळींमध्ये लोकप्रिय झाला. असे केल्यावर प्रोसेसरचे तापमान दहा-वीस अंशांनी उतरल्याचे अनेकांनी दाखवले. त्यातून एक गोष्ट तयार झाली. कंपनीने चिप आणि झाकण यांच्यामध्ये हलकी पेस्ट भरली होती, लोकांनी ती काढून चांगली भरली, तापमान उतरले, म्हणजे दोष पेस्टचाच होता. गोष्ट सुटसुटीत आहे, नायक-खलनायक ठरलेले आहेत आणि शेवटी आकडेही आहेत.

आम्हीही उष्णतेच्या वहनाचा धडा शिकवताना ही गोष्ट सांगत आलो. मुलांना ती आवडत असे. एकदा नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, त्यांनी जुनीच पेस्ट ठेवून झाकण परत बसवून पाहिलं होतं का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना लक्षात आले की आपण सांगत होतो ती गोष्ट अर्धीच होती आणि जो निष्कर्ष मुलांना देत होतो तो त्या प्रयोगातून निघतच नव्हता. हा लेख म्हणजे त्या गोष्टीची आणि ती सांगणाऱ्या आमच्यासारख्या शिक्षकांची टीका आहे.

झाकण कशासाठी?

२००० सालच्या सुमाराचे अनेक प्रोसेसर बिनझाकणाचे असत. एएमडीच्या त्या काळातल्या अॅथलॉन प्रोसेसरवर सिलिकॉनची चिप उघडीच दिसे. तिच्यावर हीटसिंक, म्हणजे पंख लावलेला धातूचा ठोकळा, दाबून बसवताना तो जरा तिरका झाला तर चिपचा कोपरा उडे आणि प्रोसेसर कायमचा निकामी होई. सिलिकॉन काचेसारखे ठिसूळ असते. झाकणाचे एक काम अर्थातच या ठिसूळ चिपचे रक्षण करण्याचे आहे.

दुसरे काम त्याच्या तांत्रिक नावातच आहे. इंटेलने २०१२ साली आणलेल्या 'आयव्ही ब्रिज' पिढीच्या चार गाभ्यांच्या चिपचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौरस मिलिमीटर, म्हणजे जेमतेम १.६ चौरस सेंटिमीटर होते. तिचा ठरवून दिलेला औष्णिक भार होता ७७ वॅट. भागाकार केला तर दर चौरस सेंटिमीटरमागे सुमारे ४८ वॅट येतात. घरातल्या ७५० वॅटच्या इस्त्रीचा तळ २०० चौरस सेंटिमीटर धरला तर तिथे हा आकडा चारही भरत नाही. इतक्या चिंचोळ्या जागेतून निघणारी उष्णता आधी आडवी पसरवायची आणि मग हीटसिंकच्या हवाली करायची, हे तांब्याच्या झाकणाचे काम.

आता अडचण अशी की दोन घन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तरी ते सर्वत्र टेकत नाहीत. कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात उंचसखलपणा असतो आणि मधल्या खाचांमध्ये हवा अडकते. हवेची उष्णता-वाहकता ०.०२६ वॅट प्रतिमीटर प्रतिअंश, तर तांब्याची ४०० च्या आसपास. म्हणून या खाचा भरण्यासाठी मध्ये काहीतरी घालावे लागते. ते कधी वितळवून घट्ट केलेले इंडियमचे सोल्डर असते, तर कधी साधी थर्मल पेस्ट. इंडियमची वाहकता ८२ च्या जवळपास आहे. पेस्टची साधारणपणे एक ते दहाच्या दरम्यान असते.

२०१२ साली काय काय बदलले?

आयव्ही ब्रिजच्या आधीच्या, २०११ च्या 'सँडी ब्रिज' पिढीत चिप आणि झाकण यांच्यामध्ये सोल्डर होते. आयव्ही ब्रिजमध्ये त्याची जागा पेस्टने घेतली. नवा प्रोसेसर कमी वीज खात असूनही, त्याची गती वाढवू पाहणाऱ्यांना तो जुन्यापेक्षा जास्त तापलेला आढळला. साहजिकच बोट पेस्टकडे गेले.

पण त्याच वेळी आणखी एक बदल झाला होता. चार गाभ्यांच्या सँडी ब्रिज चिपचे क्षेत्रफळ सुमारे २१६ चौरस मिलिमीटर आणि औष्णिक भार ९५ वॅट होता. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे ४४ वॅट. नव्या चिपमध्ये एकूण उष्णता कमी झाली, पण क्षेत्रफळ त्याहूनही जास्त आटले आणि दर चौरस सेंटिमीटरमागचा आकडा ४८ वर गेला. चिपच्या एका भागात चित्रे हाताळणारी यंत्रणा असते. हिशेब करणारे गाभे तर याहूनही लहान जागेत दाटीवाटीने बसलेले असतात. तेव्हा जुन्या आणि नव्या प्रोसेसरची तुलना करून "पेस्टमुळे तापमान वाढले" असे म्हणणे म्हणजे दोन बदलांचे श्रेय एकालाच देणे होय.

यावर कोणी म्हणेल की म्हणूनच तर लोकांनी झाकण काढून पाहिले. तिथे चिप तीच, झाकणही तेच. हे खरे आहे. पण झाकण काढणे आणि बसवणे या क्रियेत नेमके काय होते ते पाहिले पाहिजे.

झाकणाची कड खालच्या हिरव्या पट्टीला एका काळ्या, रबरासारख्या पदार्थाने चिकटवलेली असते. हा पदार्थ सिलिकोन. चिप ज्याची असते ते सिलिकॉन हे मूलद्रव्य, आणि सिलिकोन हे त्याच्यापासून बनवलेले बहुवारिक. वर्गात या दोन नावांची गल्लत हमखास होते, म्हणून हे सांगून ठेवतो. सुरुवातीला लोक हा काळा थर दाढीच्या पात्याने कापत. पाते जरा आत गेले तर पट्टीवरच्या सूक्ष्म तारा तुटत आणि महागडा प्रोसेसर फुकट जाई. काहीजण झाकण व्हाइसमध्ये धरून पट्टीला लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने ठोकत. पुढे झाकण आडवे सरकवून हा थर फाडणारी खास अवजारे आली. झाकण निघाल्यावर जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, कडेचा काळा थर खरवडून काढायचा, नवी पेस्ट लावायची, कोपऱ्यांवर सिलिकोनचे अगदी थोडे थेंब देऊन झाकण ठेवायचे आणि ते दाबून धरून वाळू द्यायचे, अशी साधारण रीत.

या रीतीतली एक पायरी गोष्ट सांगताना कोणाच्याच ध्यानात राहत नाही. ती म्हणजे कडेचा काळा थर खरवडण्याची. या थराला स्वतःची जाडी असते. त्याच्यावर झाकण टेकलेले असते. थर जाड असेल तर झाकण तेवढे वर उचललेले राहते आणि त्याखालची चिप व झाकण यांच्यातली फट रुंद होते. तो थर खरवडला की झाकण खाली बसते. म्हणजे पेस्ट बदलणाऱ्याने नकळत फटही बदललेली असते.

गणित काय सांगते?

वहनाचे सूत्र शिक्षकांच्या परिचयाचे आहे. एखाद्या थराच्या दोन बाजूंच्या तापमानांतला फरक असा काढतात:

तापमानातील फरक = (दर सेकंदाची उष्णता × थराची जाडी) ÷ (वाहकता × क्षेत्रफळ)

हिशेबापुरते चिपचे क्षेत्रफळ १.६ चौरस सेंटिमीटर, दर सेकंदाची उष्णता ८० जूल, म्हणजे ८० वॅट, आणि पेस्टची वाहकता ४ धरू. थर ०.०५ मिलिमीटर असेल तर फरक सव्वासहा अंश येतो. थर ०.१ मिलिमीटर झाला तर साडेबारा अंश. ०.२ मिलिमीटर झाला तर तब्बल २५ अंश. आता थर ०.१ मिलिमीटरच ठेवून दुप्पट वाहकतेची, म्हणजे ८ ची, पेस्ट घेतली तर उत्तर पुन्हा सव्वासहा अंश. इंडियमचा थर चांगला ०.२ मिलिमीटर जाड असला तरी फरक सव्वा अंशाच्या आतच राहतो.

या आकड्यांमध्ये एक महत्त्वाची गोष्ट आहे. पेस्ट दुप्पट चांगली केली काय किंवा फट निम्मी केली काय, तापमापकावर उत्तर एकच दिसते. सूत्रात जाडी आणि वाहकता नेहमी भागाकाराच्या रूपाने जोडीने येतात. तापमापकाला दिसतो तो फक्त हा भागाकार. त्यातला अंश बदलला की छेद, हे तो सांगू शकत नाही. तेव्हा "तापमान उतरले, म्हणजे जुनी पेस्ट वाईट होती" हे अनुमान सूत्राच्या आधारे टिकतच नाही.

शालेय पुस्तकांतही हा दोष आहे. सुवाहक आणि दुर्वाहक अशा दोन याद्या पाठ करून घेतल्या की धडा संपतो. पदार्थाचा गुणधर्म मुलांच्या लक्षात राहतो, पण थराची जाडी आणि क्षेत्रफळ हेही तितकेच भागीदार आहेत हे हरवते. मग तांबे सुवाहक आहे म्हणून झाकण चांगले आणि पेस्ट दुर्वाहक म्हणून वाईट, असे मुले म्हणाली तर दोष त्यांचा कसा? पेस्ट झाकण आणि हीटसिंक यांच्यामध्येही असते, पण तिथे झाकणाने उष्णता रुंद जागेवर पसरवलेली असते, म्हणून तीच पेस्ट तिथे फारसा त्रास देत नाही. जागा बदलली की त्याच पदार्थाचा परिणाम बदलतो, हे शिकवण्यासारखे आहे.

चार खणांचा तक्ता

मग योग्य प्रयोग कोणता? दोन घटक आहेत: पेस्ट आणि फट. प्रत्येकाच्या दोन अवस्था, जुनी आणि नवी. म्हणजे तक्त्याचे चार खण होतात. पहिला, जुनी पेस्ट आणि जुनी फट. दुसरा, नवी पेस्ट आणि जुनी फट. तिसरा, जुनी पेस्ट आणि कमी केलेली फट. चौथा, नवी पेस्ट आणि कमी केलेली फट. लोकप्रिय गोष्टीत फक्त पहिल्या आणि चौथ्या खणाची तुलना असते. मधले दोन खण रिकामे. त्या मुलीने नेमके त्या रिकाम्या खणांकडे बोट दाखवले होते.

शिवाय पहिला खणही काळजीपूर्वक भरावा लागतो. कारखान्यातून आलेला प्रोसेसर आणि एकदा उघडून जसाच्या तसा बंद केलेला प्रोसेसर हे दोन्ही मोजले पाहिजेत. नुसत्या उघडझापीने काही बदलते का, हे त्याशिवाय कळत नाही. औषधाच्या चाचणीत काही रुग्णांना नुसत्या साखरेच्या गोळ्या देतात, त्यामागे हाच विचार असतो.

मधले खण भरणे अशक्य नव्हते. २०१२ मध्येच काही हौशी प्रयोगकर्त्यांनी पेस्ट आणि फट वेगळ्या करून पाहिल्या. कारखान्याची पेस्ट बोलले जात होते तितकी वाईट नाही आणि मोठा वाटा झाकण वर उचलून धरणाऱ्या काळ्या थराचा आहे, असे त्यांना आढळले. काम चिकाटीचे होते, पण गोष्ट म्हणून ते पसरले नाही. "हलकी पेस्ट" हे दोन शब्द चटकन तोंडी बसतात. "कडेच्या चिकट थराची जाडी" बसत नाही.

मोजमापाविषयीही दोन शब्द. प्रोसेसरचे नुसते तापमान सांगणे पुरेसे नाही. खोलीचे तापमान वजा करून फरक सांगायला हवा. मे महिन्यातल्या नागपुरात घेतलेला 'आधीचा' आकडा आणि डिसेंबरात घेतलेला 'नंतरचा' आकडा यांची तुलना केली तर काहीही न करता प्रोसेसर थंड झालेला दिसेल. तसेच हीटसिंक एकदा काढून पुन्हा बसवला की त्याखालचा पेस्टचा थरही थोडा बदलतो. म्हणून एकच वाचन घेऊन थांबू नये. हीटसिंक पुन्हा पुन्हा बसवून, निदान तीनदा, वाचने घ्यावीत.

हेतू म्हणजे पुरावा नव्हे

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कंपनीच्या लोभाचा आहे. चार पैसे वाचवण्यासाठी सोल्डर सोडले, असे सांगतात. इथेही घाई आहे. तापल्यावर तांबे सिलिकॉनच्या सुमारे सहापट प्रसरण पावते. दर वेळी संगणक चालू-बंद होताना मधल्या थरावर ताण येतो. इंडियम मऊ असल्याने तो ताण बराचसा सोसते, पण तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी त्यातही भेगा पडू शकतात आणि चिप लहान असेल तर ही काळजी अधिक. सोल्डर चिकटावे म्हणून पृष्ठभागांवर वेगळ्या धातूंचे मुलामेही द्यावे लागतात. ही अभियांत्रिकी कारणे खरी आहेत.

पण म्हणून सोल्डर अशक्यच होते, असा उलट निष्कर्षही काढता येत नाही. २०१४ मध्ये इंटेलने सुधारित पेस्टचे प्रोसेसर आणले आणि २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये नवव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत सोल्डर परत आले. ते आल्यावरही गोष्ट संपली नाही. सोल्डर काढून द्रवरूप धातू भरल्यावर तापमान आणखी उतरते, आणि सिलिकॉनची चिप वरून थोडी घासून पातळ केली तर त्याहूनही उतरते, असे काहींनी दाखवले. २०२० च्या दहाव्या पिढीत कंपनीने स्वतःच चिपची जाडी कमी केली. म्हणजे सिलिकॉन, मधला थर, झाकण, त्यावरची पेस्ट आणि हीटसिंक अशी ही एक साखळी आहे. एक कडी सुधारली की पुढची कडी डोळ्यात भरते. एकाच कडीला खलनायक ठरवणारी गोष्ट म्हणूनच फसवी असते.

द्रवरूप धातूचा उल्लेख झाला, म्हणून सावधगिरीची सूचना. हे गॅलियमचे मिश्रधातू असतात. ते विजेचे सुवाहक आहेत, त्यामुळे बाहेर सांडलेला थेंब शॉर्टसर्किट करू शकतो. अॅल्युमिनिअमला ते आतून पोखरून ठिसूळ करतात. म्हणून अॅल्युमिनिअमच्या हीटसिंकखाली ते कधीही लावू नयेत. शाळेच्या संगणकाचे झाकण काढण्याचा विचारही कोणी करू नये. जुन्या संगणकातली धूळ झटकली आणि हीटसिंकखालची वाळलेली पेस्ट बदलली तरी पुष्कळ काम होते.

वर्गात काय करता येईल?

प्रोसेसर न उघडताही हा प्रयोग वर्गात होऊ शकतो. डोशाचा सपाट, जाड तवा परातीतल्या थंड पाण्यात ठेवा; पाणी तव्याच्या कडेवरून वर येता कामा नये. एकसारखी चार स्टीलची फुलपात्री घ्या. मधल्या थरासाठी दोन पदार्थ घ्या: भिजवलेली कणीक आणि पुठ्ठा. कणकेची एक चकती एक मिलिमीटर जाडीची आणि एक चार मिलिमीटरची लाटा. पुठ्ठ्याच्याही तशाच दोन चकत्या करा. चारही चकत्या फुलपात्राच्या बुडाएवढ्या कापून तव्यावर ठेवा, त्यांवर फुलपात्री दाबून बसवा, प्रत्येकात सारखेच गरम पाणी घाला आणि वरून सारखेच झाकण ठेवा. दर दोन मिनिटांनी चारही पाण्यांचे तापमान आणि परातीतल्या पाण्याचे तापमान लिहून काढा.

मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा. जाड कणीक आणि पातळ पुठ्ठा यांच्यात पाणी कुठे लवकर निवेल? सुवाहक-दुर्वाहकाच्या यादीवर या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, मोजावेच लागते. मग चकत्या अदलाबदल करून प्रयोग पुन्हा करा, कारण फुलपात्री दिसतात तितकी एकसारखी नसतात आणि तव्याचा मध्य व कड यांत फरक असतो. शेवटी फक्त दोन खणांची वाचने, पातळ कणीक आणि जाड पुठ्ठा, फळ्यावर लिहा आणि विचारा: एवढ्यावरून कणीक पुठ्ठ्यापेक्षा चांगली वाहक आहे असे म्हणता येईल का?

झाकण काढणाऱ्या हौशी मंडळींना आम्ही दोष देत नाही. त्यांनी स्वतःची महाग वस्तू पणाला लावली, आधी मोजले, नंतर मोजले आणि आकडे सर्वांपुढे ठेवले. नुसते मत देणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी चांगले. चूक झाली ती आमच्यासारख्यांची, ज्यांनी तो अर्धा प्रयोग पुरा म्हणून वर्गात सांगितला. खत घातले आणि पीक वाढले, पण त्याच वर्षी पाऊसही चांगला झाला होता. गोळी घेतली आणि सर्दी गेली, पण तोवर आठवडाही उलटला होता. अशा निष्कर्षांशी आपली मुले आयुष्यभर गाठणार आहेत. तेव्हा त्यांना पेस्टची वाहकता आठवली नाही तरी चालेल. "जुनीच पेस्ट लावून पाहिली होती का?" हा प्रश्न मात्र सुचायला हवा, आणि तो विचारणाऱ्या मुलीला आपण वर्गात थांबून उत्तर द्यायला हवे.